मोहरीला पोटॅश किती टाकायचं? मोबाइलवरच्या उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी हे 5 मुद्दे तपासा

मोबाइलवर ‘सरसों में पोटाश कितना डालें’ असं शोधलं की काही सेकंदांत ढीगभर व्हिडिओ समोर येतात. यातले बरेचसे राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशातले असतात. त्यात चूक काही नाही, मोहरीचं मोठं क्षेत्र तिकडेच आहे आणि मोहरी संशोधनाची केंद्रीय संस्थाही राजस्थानात भरतपूरला आहे. पण मी राहतो भिवंडी तालुक्यातल्या कोनला. इथे खरिपात भात, एका बाजूला खाडी आणि उरलेल्या जमिनीवर गोदामं. भातानंतर दहा-वीस गुंठ्यांत मोहरी घ्यायची म्हटलं तर तिकडचा डोस इथे जसाच्या तसा चालत नाही. कमी पडला तर दाणा भरत नाही आणि जास्त झाला तर पैसे मातीत.

मग मोबाइलचा उपयोग कशासाठी करायचा? उत्तर कॉपी करण्यासाठी नाही, हिशोब करण्यासाठी. तो कसा ते पाहूया.

1. आधी एकक बघा

व्हिडिओत ‘प्रति बिघा’ म्हणतात. बिघा प्रत्येक राज्यात, कधी कधी जिल्ह्यातही वेगळा असतो. आपल्याकडे हिशोब गुंठ्यांचा, 40 गुंठे म्हणजे 1 एकर आणि साधारण 100 गुंठे म्हणजे 1 हेक्टर. त्यामुळे हेक्टरी किंवा एकरी आकडा दिलेली माहितीच वापरा.

2. गोणीवरचा 60 म्हणजे काय?

एमओपी म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश, लालसर किंवा पांढरं खत. त्यात 60 टक्के पोटॅश असतं. म्हणजे 50 किलोच्या गोणीत 30 किलो. ‘30 किलो पोटॅश द्या’ आणि ‘30 किलो एमओपी द्या’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोळ नेमका इथेच होतो.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे सूत्र वापरा:

हेक्टरी पोटॅश × तुमचे गुंठे ÷ 60 = लागणारं एमओपी (किलो)

समजा तुमच्या शिफारशीत हेक्टरी 30 किलो पोटॅश आहे आणि शेत 10 गुंठे. 30 × 10 ÷ 60 = 5 किलो. बस्स, एवढंच. एसओपी म्हणजे 0:0:50 वापरत असाल तर 60 ऐवजी 50 ने भागा, उत्तर 6 किलो येईल.

आणखी एक गोष्ट. पेरणीला 10:26:26 टाकणार असाल तर त्याच्या 10 किलोत 2.6 किलो पोटॅश आधीच आहे. वरच्या उदाहरणात गरज होती 3 किलोची. मग वर पुन्हा 5 किलो एमओपी कशाला?

3. माती परीक्षणाचं कार्ड नीट वाचा

मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे सॉइल हेल्थ कार्ड, ही योजना 2015 मध्ये सुरू झाली. कार्डावर 12 घटक असतात, त्यात उपलब्ध पोटॅशही. साधारणपणे हेक्टरी 110 किलोपेक्षा कमी म्हणजे कमतरता, 280 च्या वर म्हणजे भरपूर. भरपूर असेल तर पोटॅशवरचा खर्च वाचू शकतो.

पण सुरुवातीच्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात 10 हेक्टरमागे आणि बागायतीत 2.5 हेक्टरमागे एकच नमुना घेतला जायचा. म्हणजे नाव तुमचं असलं तरी माती शेजारच्याची असू शकते. म्हणून जुन्या कार्डावर अवलंबून राहू नका, स्वतःच्या शेताचा नमुना द्या. शेतात नागमोडी चालत 8-10 ठिकाणची 15 सेंमी खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्या. बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची माती नको.

4. पानाचा फोटो हा शेवटचा उपाय

फोटो काढला की रोग सांगणारी अ‍ॅप्स मलाही आवडतात. पण पोटॅशची कमतरता पानावर दिसेपर्यंत पिकाचं नुकसान सुरू झालेलं असतं. शिवाय लक्षणं फसवी असतात. अ‍ॅपने काहीही सांगितलं तरी आधी हे बघा:

• जुन्या, खालच्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मग करपल्यासारख्या: पोटॅशची शक्यता
• जुनं पान सगळंच फिकट पिवळं: नत्राची शक्यता
• वरची कोवळी पानं पिवळी: गंधकाची शक्यता, आणि मोहरीला गंधक जास्तच लागतं

खारवट जमिनीत किंवा पाणी कमी पडलं तरीही कडा करपतात. खाडीलगतच्या शेतात हे विसरू नका. कार्डावर क्षारता म्हणजे ईसी जास्त असेल तर एमओपीतलं क्लोराइड आणखी त्रास देऊ शकतं. तिथे एसओपी महाग असलं तरी विचार करण्यासारखं आहे, कारण त्यातून गंधकही मिळतं.

5. ओल आणि पेंढा

पोटॅश मुळापर्यंत पोचतं ते मातीतल्या ओलाव्यातून. भातकापणीनंतर जमीन सुकली की कार्डावर ‘भरपूर’ असूनही पिकाला ते मिळत नाही. म्हणून ओल असताना, पेरणीच्या वेळीच द्या, पण खत बियाण्याला चिकटू देऊ नका.

आता पेंढ्याचं. भाताने घेतलेलं बहुतेक पोटॅश दाण्यात नाही, पेंढ्यात राहतं. एक टन पेंढ्यात साधारण 12 ते 16 किलो पोटॅशियम असतं, म्हणजे जवळपास अर्धी गोणी एमओपी. तबेल्याला पेंढा विकला की तेही शेतातून गेलं. बदल्यात शेणखत आणलं तर काही भाग परत येतो. आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्या राखेतही पोटॅशच असतं. ‘पोटॅश’ हा शब्दच मुळी भांड्यातल्या राखेवरून आलाय.

भारतात एमओपी जवळपास सगळं आयात होतं, त्यामुळे दर परदेशी बाजारावर हलतो. दर आपल्या हातात नाही, किलो मात्र आहेत. दुकानात जाण्याआधी कार्डाचा फोटो, गुंठे आणि वरचं सूत्र मोबाइलच्या नोट्समध्ये टाकून ठेवा. घरातली मोठी माणसं ‘दरवर्षीसारखी एक गोणी आण’ म्हणाली तर वाद घालू नका, कॅल्क्युलेटर उघडून दाखवा.