दप्तरजमा झालेली पहिली ओळख

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही दोषसिद्ध आरोपींची मुक्तता केली आणि यवतमाळच्या वकील संघाच्या खोलीपासून वृत्तवाहिन्यांच्या चर्चांपर्यंत एकच निष्कर्ष निघाला, तो म्हणजे साक्षीदार खोटे होते. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत नजीर म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने शेवटचा शब्द अजून उच्चारला गेलेला नाही. तरीही उच्च न्यायालयाने नोंदवलेली कारणे नीट वाचली, तर दोष केवळ साक्षीदाराच्या पदरात टाकता येत नाही, हे कोणाच्याही ध्यानात यावे. टॅक्सीचालकांनी शंभराहून अधिक दिवसांनी चेहरे सांगितले, ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकार नव्हता आणि न्यायालयात प्रत्यक्ष ओळख पटवली गेली ती घटनेनंतर चार वर्षांनी. ओळख परेड म्हणजे संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर माणसांत उभे करून साक्षीदाराला तो निवडायला सांगणे. ती जितकी लवकर होईल तितके तिचे मोल, हे न्यायालये कित्येक दशके सांगत आली आहेत.

साक्षीदाराच्या स्मरणाच्या प्रश्नाचा जुना इतिहास फार काळ रेंगाळण्याजोगा नाही. १८७२ चा पुरावा कायदा झाला तेव्हा स्मृतीचे शास्त्रच जन्माला आले नव्हते. १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून दाखवून दिले की विसरणे सुरुवातीच्या तासांत सर्वांत वेगाने होते आणि पुढे मंदावते. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी मोटार अपघाताची चित्रफीत दाखवून प्रश्नातले एकच क्रियापद बदलले, तर आठवड्याने काही प्रेक्षकांना चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचाही आठवू लागल्या. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या भोगिनभाई हिरजीभाई निकालात, साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणाची अपेक्षा धरता येत नाही, असे म्हटले खरे. पण त्या उदार वाक्याचा उपयोग पुढे बहुधा साक्षीतील विसंगती माफ करण्यासाठी झाला, तपासाला घाई करायला लावण्यासाठी नव्हे.

खरा हिशेब मागायचा तो २०१५ ते २०२५ या दशकाकडे, आणि त्यातही ५ मार्च २०१९ च्या निकालाकडे, ज्याची महाराष्ट्राने घ्यावी तेवढी दखल घेतली नाही. जून २००३ मध्ये एका कुटुंबातील पाच जणांचे खून झाले आणि त्यातून वाचलेल्या महिलेने दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधून चार माणसे ओळखली. एबिंगहाउसच्या मोजमापाने पाहिले तर तिची स्मृती सर्वांत ताजी असण्याची हीच वेळ होती. त्या चौघांचा माग मात्र काढला गेला नाही, आणि नंतर खटला चालला तो भलत्याच सहा जणांवर; नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये त्यांना दोषी ठरवले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांसाठी फाशी मुक्रर केली. अंकुश मारुती शिंदे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात त्याच न्यायालयाने दहा वर्षांनी पुनर्विलोकनात सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पहिली ओळख दप्तरात पडून राहिली आणि पिंजऱ्यात उभे राहून केलेली उशिराची ओळख तेवढी पुरावा ठरली. त्या बाईला खोटे ठरवणे सोपे आहे. पण मधल्या काळात कोणते चेहरे तिच्यासमोर किती वेळा आले आणि कोणत्या कुजबुजीने तिची खात्री वाढवली, याचा जाब तपासाने द्यायचा असतो. चूक ओळखीनंतर ‘बरोबर ओळखलेत’ एवढे ऐकले तरी खात्री चढते, हे मानसशास्त्राने दाखवून दिले आहे.

शिंदे प्रकरणातील सहाही जण भटक्या जमातींचे होते, ही बाब यवतमाळने विशेष लक्षात घ्यावी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला, तरी या जिल्ह्यातील पारध्यांच्या बेड्यांवरचा संशय पुसला गेलेला नाही. आणि पुसट झालेल्या आठवणीची रिकामी जागा भरून काढायला संशयासारखी तयार सामग्री दुसरी नसते.

उशिरा आलेली प्रत्येक आठवण मात्र टाकाऊ नसते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने मारेकरी म्हणून २०१६ मध्ये दोन नावे सांगितली आणि २०१८ मध्ये दुसरीच दोन. त्या दुसऱ्या जोडीला महापालिकेच्या एका सफाई कर्मचाऱ्याने २०२२ मध्ये, म्हणजे साडेआठ वर्षांनी, न्यायालयात ओळखले. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली. तपास यंत्रणेची नावे बदलत राहिली आणि परीक्षा झाली ती साक्षीदाराच्या स्मरणाची, अशी ही उलटी रीत आहे.

यवतमाळ जिल्ह्यात ही रीत नित्याची आहे. झरी जामणीकडच्या एखाद्या पोडावरचा कोलाम किंवा घाटंजीकडच्या तांड्यावरचा बंजारा साक्षीदार काळ सांगतो तो ‘पऱ्हाटीचा दुसरा वेचा चालू होता, दिवा लागायच्या वेळी’ असा, आणि जबाबात उतरते ते ‘सायंकाळी ७.३० वाजताचे सुमारास सदर इसम’ असे. या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही, कारण कायद्यालाच ती नको असते. पुढे केळापूरच्या किंवा यवतमाळच्या न्यायालयात तारखा पडत जातात. कधी आरोपीचे वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेले असतात, कधी न्यायाधीश रजेवर असतात, आणि एसटीने आलेला, मजुरी बुडवलेला माणूस पुढची तारीख घेऊन परततो. शेवटी साक्षीची पाळी येते त्या सकाळी व्हरांड्यात तो जुना जबाब त्याला वाचून दाखवला जातो, आणि पोलिसी मराठीतले साडेसात त्याच्या आठवणीत कायमचे बसतात. उलटतपासात तो दिवेलागणीवर गेला की विसंगती ठरते, आणि साडेसातला चिकटून राहिला की पढवलेला ठरतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तेव्हा आता सारे बदलणार, असा गाजावाजा झाला. तिच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, त्यामुळे गोठ्यात सापडलेली कुऱ्हाड कॅमेऱ्यात येणे आता बंधनकारक आहे. ती कुऱ्हाड कोणाच्या हातात दिसली हे सांगणाऱ्या माणसाच्या पहिल्या जबाबाचे चित्रीकरण मात्र कलम १८० ने अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले आहे, आणि नेमकी हीच मर्जीची सवलत जुन्या संहितेतही ३१ डिसेंबर २००९ पासून उपलब्ध होती.