वसतिगृहातील पंगत

साताऱ्याच्या एस. टी. स्थानकावर पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन मी उतरलो तो जून महिन्यातील एका भिजक्या सकाळी, आणि अजिंक्यताऱ्यावर टेकलेले ढग पाहत, कोणाला काही विचारण्याचा धीर न होऊन, जो घोटाळत उभा राहिलो तो वसतिगृहातील एका वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्याने "गाव कोणतं?" एवढेच विचारून माझी ट्रंक उचलीपर्यंत. त्या प्रश्नामागून दुसरा प्रश्न आला नाही, याचे मोल मला पुष्कळ उशिरा कळले.

शहरात शिकावयाचे तर राहावे कोठे आणि जेवावे कोठे, ही विवंचना खेड्यातील मुलाला फीच्याही आधी ग्रासून टाकीत असे. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी निर्धन ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरीचा अथवा वारांचा आधार तरी होता. कुणब्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलाला तोही नव्हता. हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी करविली आणि त्या नगरीला वसतिगृहांची जननी हे बिरुद प्राप्त झाले. ती बहुतेक जातवार होती. त्या काळी दुसरा मार्ग सुचणेही कठीण होते. परंतु त्यांतीलच एका वसतिगृहात राहणाऱ्या भाऊराव पाटील नामक विद्यार्थ्याने, अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचे साफ नाकारले आणि त्यापायी तेथील आपला आसरा गमावला. मला नेहमी असे वाटत आले आहे की, पुढे कर्मवीर म्हणून ओळखल्या गेलेल्या भाऊरावांच्या सर्व कार्याचे बीज त्या एका नकारात आहे. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात जे वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत बसून जेवू लागली; त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले; आणि 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

आमच्या वेळेपर्यंत कर्मवीर निवर्तले होते, परंतु 'कमवा आणि शिका' या योजनेखाली सकाळी बागेत कुदळ चालवून दुपारी वर्गात बसणारी मुले माझ्याच खोलीत होती. पहिल्या पंधरवड्यात तळहाताला आलेल्या फोडांमुळे त्यांना टाक धरवत नसे, म्हणून त्यांच्या वह्या आम्ही उतरवून देत असू. भोजनालयाचा कारभार सर्वस्वी विद्यार्थ्यांच्या हाती असे. महिनाअखेर एकूण खर्चास सर्वांच्या हजेरीच्या दिवसांनी भागून दररोजचा दर काढावयाचा, घरी गेलेल्यांचे खाडे वजा करावयाचे, आणि रोजकीर्द मंडईच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहून रेक्टरांची सही घ्यावयाची. ज्या महिन्यात मी सेक्रेटरी होतो, त्या महिन्यात आठ आण्यांचा मेळ बसेना म्हणून आम्ही तिघे कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत जागलो होतो. तो जमाखर्च जुळल्याचा आनंद मला पुढे कोणत्याही परीक्षेने दिला नाही.

माझ्या वाट्याचे पैसे मनिऑर्डरने येत. वडील निरक्षर, म्हणून कुपनावरील दोन ओळी गावचे गुरुजी लिहून देत, आणि त्यांखाली वडिलांच्या अंगठ्याचा निळा ठसा असे. ती कुपने मी ट्रंकेच्या तळाशी जपून ठेविली होती.

दुसऱ्या वर्षी सुगी आटोपल्यावर वडील स्वतःच जोंधळ्याचे पोते घेऊन आले. आयुष्यभर गावकीच्या पंगतीत नेमून दिलेल्या जागी बसलेला तो मनुष्य भोजनालयाच्या दारात थबकला, आणि आपण कोठे बसावे म्हणून माझ्या तोंडाकडे पाहू लागला. एका मुलाने सरकून शेजारी जागा केली. भाकरी कुस्करून आमटीत कालविता कालविता वडिलांनी त्याला विचारले, "गाव कोणतं, बाळा?" त्याने गाव सांगितले, वडिलांनी त्या बाजूच्या पावसाची चौकशी केली, आणि जेवण आटोपल्यावर इतरांच्या रांगेत उभे राहून आपले ताट नळाखाली स्वतः घासले.