बारावीचं वर्ष आणि बर्मिंगहॅम

परवा बचत गटाची बैठक संपली, चहा झाला आणि सगळ्याजणी पांगल्या. एक मैत्रीण मात्र रेंगाळली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "वैनी, पोरीचं वेटलिफ्टिंग आता बंद करणार बघा. बारावीचं वर्ष आलंय. शिकली तर चार पैसे मिळवंल. ते लोखंड उचलून काय मिळणार?"

मी लगेच काही बोलले नाही. तिचं अगदीच चुकत नव्हतं. घरात मिळवता एकटा, क्लासची फी, वर पोरीचा खुराक. पण मला ३० जुलै २०२२ चा शनिवार आठवला.

इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या. भारताला पहिलं पदक मिळवून दिलं ते आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं. ५५ किलो वजनी गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य. सुवर्ण मलेशियाच्या खेळाडूला मिळालं, २४९ किलोला. एका किलोचा फरक! आपण डाळ-तांदूळ निवडताना एवढं सांडतो. कोपर दुखावलं तरी तो पुन्हा वजनाला भिडला, ते बघताना मी पदराचं टोक चावत होते. वडिलांची सांगलीत पानटपरी. आणि मुलगा शिवाजी विद्यापीठात इतिहास शिकणारा, म्हणजे आमच्यासारखाच आर्ट्सवाला! त्याच्या बहिणीनं, काजलनं, त्याच वर्षी जूनमध्ये 'खेलो इंडिया' युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्णपदक आणलं होतं. म्हणजे लोखंड उचलणारी सांगलीची पोर काही जगावेगळी नाही.

त्याच बर्मिंगहॅममध्ये, एजबॅस्टनच्या मैदानावर, माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनानं उपांत्य सामन्यात इंग्लंडच्या बायकांना त्यांच्याच घरात ३२ चेंडूंत ६१ धावा ठोकल्या. राष्ट्रकुल स्पर्धेत बायकांचं क्रिकेट त्या वर्षी पहिल्यांदाच आलं होतं. अंतिम सामना हरलो, रौप्यपदक मिळालं. पुढं २ नोव्हेंबर २०२५ ला विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीत फटाके किती वाजले ते तुम्हाला सांगायला नको. तिचं कॉलेजही सांगलीचंच, चिंतामणराव कॉमर्स.

मला त्या स्पर्धांतली आणखी एक गोष्ट भावली. बर्मिंगहॅमचं विद्यापीठ १९०० सालचं. हॉकी आणि स्क्वॉशचे सामने त्या विद्यापीठाच्याच आवारात झाले आणि कितीतरी खेळाडू राहिले तेही विद्यापीठांच्या वसतिगृहांत. आपल्या मुलींनी हॉकीचं कांस्यपदक तिथंच घेतलं. जिथं पोरं पुस्तकं घेऊन जातात, तिथंच जगातले खेळाडू घाम गाळतात. आपल्याकडे 'अभ्यास की खेळ' असं एकदा ठरवावं लागतं, आणि मुलीच्या बाबतीत ते दुसरंच कुणीतरी ठरवतं.

तसं आपल्याकडेही मन मोठं असणारे शिक्षक होते बरं का. माझं माहेर साताऱ्याचं, त्यामुळं कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. विद्यार्थ्यानं कांस्यपदक आणलं! अलीकडे साताऱ्याच्याच अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं जगज्जेतेपद घेतलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. म्हणजे आपल्या बारावीच्या वयाची.

आता माझंच सांगते. कॉलेजात असताना मी खो-खो खेळायचे. एकदा बाहेरगावच्या सामन्यांसाठी संघात नाव लागलं. बॅग भरून ठेवली, आईनं दशम्या बांधल्या. आदल्या रात्री निरोप आला, परवा पाहुणे मुलगी बघायला येणार. बॅग तशीच राहिली. आणि पाहुणे काही आलेच नाहीत! दशम्या आम्हीच घरी खाल्ल्या. त्यानंतर मी मैदानावर गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं, पण गेले नाही.

हे मी त्या मैत्रिणीला सांगितलं. बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली आणि आज महसूल खात्यात अधिकारी आहे, हेही सांगितलं. पदक मिळेलच असं काही मी म्हटलं नाही. तसं खोटं आश्वासन कशाला द्यायचं?

ती उठली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "क्लास सातला सुटतो. व्यायामशाळा किती वाजेपर्यंत उघडी असती हो, वैनी?"

मी म्हटलं, "चल, आत्ताच विचारून येऊ."