आग विझते, पूल मात्र बंदच राहतो

रेल्वे पुलाला आग लागली की चौकशी सुरू होण्याआधी तर्कवितर्क सुरू होतात. आग विझून दोन दिवस झाले, तरी गाड्या का सुटत नाहीत, हा प्रवाशांचा सवाल रास्त असतो. पण त्याची कानावर पडणारी उत्तरे बहुतेक वेळा चुकीची असतात. तीन वेगवेगळ्या आगी शेजारी ठेवून पाहिल्या, तर या चुका नेमक्या कुठे होतात ते कळते. वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवरच्या ब्रिटानिया पुलाची १९७० मधली, कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो येथील लाकडी पुलाची २००७ मधली आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात उन्नत रेल्वेमार्गाखाली भडकलेली २०१६ मधली, अशा या तीन आगी.

गैरसमज : लोखंडी पूल जळू शकत नाही.

लोखंड लाकडासारखे पेटत नाही, म्हणून हा समज मनात पक्का बसतो. पण पूल म्हणजे नुसते लोखंड नव्हे. लाकडी स्लीपर, केबलची आवरणे, पुलाखाली साठवलेला माल, हे सगळे जळते. रॉबर्ट स्टीफन्सन यांनी उभारलेला ब्रिटानिया पूल १८५० मध्ये सुरू झाला. घडीव लोखंडाच्या प्रचंड चौकोनी नळ्या आणि त्यांच्या आतून धावणारी गाडी, अशी त्याची रचना होती. पावसापाण्याने नळ्या गंजू नयेत म्हणून पुढे त्यांच्यावर डांबर लावलेले लाकडी छप्पर बसवण्यात आले. २३ मे १९७० च्या रात्री तेच छप्पर पेटले. लोखंडाच्या रक्षणासाठी घातलेले आवरणच आगीचे इंधन ठरले.

गैरसमज : खाली पाणी असते, त्यामुळे पुलाची आग चटकन विझते.

पाणी डोळ्यांना दिसते, पण ते आगीपर्यंत पोहोचवावे लागते. ब्रिटानिया पुलाच्या नळ्या समुद्रापासून शंभर फुटांहून अधिक उंचीवर होत्या. एवढ्या उंचीवर पुरेसे पाणी मिळेना आणि पुलाच्या रचनेमुळे जवानांना आगीच्या मुळाशी जाता येईना. मुख्य भूमीकडून निघालेली आग अँगलसी बेटाच्या टोकापर्यंत पोहोचली. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर तर पाण्याचा फवारा मारण्याआधी वीजपुरवठा तोडावा लागतो. तिथे वाहतूक थांबते ती तेव्हापासूनच.

गैरसमज : आग विझली की गाड्या लगेच सोडता येतात.

सर्वांत जास्त मनस्ताप देणारा समज हाच. पूल उभा दिसतो, रूळ जागेवर दिसतात, मग अडचण कसली? अडचण डोळ्यांना दिसत नाही. साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सियस तापमानाला पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते. शंभर मीटर लांबीचा पोलादी भाग ५०० अंशांनी तापला, तर तो सुमारे ६० सेंटीमीटर लांबू पाहतो. लांबायला जागा नसेल तर तो वाकतो आणि थंड होताना आखडून सांधे ओढतो. ब्रिटानिया पुलाचे असेच झाले. सकाळी पूल उभा होता, पण नळ्या मनोऱ्यांपाशी फाटल्या होत्या आणि मधल्या भागात झोल आला होता. १८४९ मध्ये नळ्या वर चढवताना मनोऱ्यांच्या दगडी बांधकामात उभ्या खाचा ठेवल्या होत्या. त्याच खाचांमध्ये बेली पद्धतीचे पोलादी खांब उभारून नळ्यांना टेकू द्यावा लागला. ज्वाळा असेपर्यंत गाडी आगीमुळे थांबलेली असते. त्यानंतर ती थांबते, कारण पूल भार पेलेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

गैरसमज : पूल जितका जास्त जळेल, तितके जास्त दिवस मार्ग बंद.

हे तर्काला धरून वाटते, पण घडते वेगळेच. १५ मार्च २००७ रोजी सॅक्रामेंटोजवळ अमेरिकन नदीच्या पुलाचा सुमारे चारशे मीटर लांबीचा लाकडी भाग जळून नष्ट झाला. लाकूड किडू नये म्हणून ते क्रिओसोट तेलात मुरवलेले होते, त्यामुळे काळ्या धुराचे लोट उठले. तरीही काँक्रीट आणि पोलाद वापरून साधारण दोन आठवड्यांत मार्ग पुन्हा सुरू झाला. याउलट, कोसळलाही नव्हता तो ब्रिटानिया पूल, आणि गाड्यांसाठी तो खुला झाला ३० जानेवारी १९७२ रोजी, म्हणजे तब्बल वीस महिन्यांनी. कमी उंचीवरचे छोटे गाळे एकामागून एक बसवता येतात. समुद्रावर अधांतरी असलेला १४० मीटरचा गाळा तसा बदलता येत नाही.

गैरसमज : एकाहून अधिक रूळ असतील, तर निदान एकावरून तरी गाड्या सोडता येतात.

वर रूळ वेगवेगळे दिसतात. खाली खांब आणि तुळया एकमेकांत गुंतलेल्या असतात. १७ मे २०१६ च्या संध्याकाळी हार्लेममध्ये चार रुळांच्या उन्नत मार्गाखाली आग लागली. ग्रँड सेंट्रल स्थानकाकडे जाणारी उपनगरी वाहतूक याच मार्गाने होते. ऐन गर्दीच्या वेळी ती सुमारे दोन तास पूर्ण थांबली. त्यानंतर गाड्या सुरू झाल्या, पण फक्त बाहेरच्या दोन रुळांवरून, कमी संख्येने आणि कमी वेगाने, कारण मधल्या आधारालाच झळ पोहोचली होती. तात्पुरते पोलादी टेकू देऊन मार्ग सावरावा लागला.

गैरसमज : पूल बंद म्हणजे तेवढ्या पट्ट्यापुरता खोळंबा.

रेल्वेत इंजिन, डबे आणि कर्मचारी हे सगळे फिरते असते. एक दुवा निखळला की त्यांची ठिकाणे चुकतात. ब्रिटानिया पूल बंद होताच अँगलसीच्या बाजूच्या होलीहेड बंदराचा रेल्वेशी संबंध तुटला. इंजिने आणि डबे बेटावरच अडकले, आयर्लंडला जाणाऱ्या प्रवासी बोटी हेशम बंदराकडे वळवाव्या लागल्या आणि कंटेनर उतरवण्यासाठी कार्नार्वनचे बंद पडलेले स्थानक उघडावे लागले. पर्यायी मार्ग असेल तर त्रास कमी होतो. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले, तेव्हा कोकण रेल्वेच्या काही गाड्या पुणे-मिरज-लोंढामार्गे वळवता आल्या. अँगलसी बेटाला तसा दुसरा रेल्वेमार्गच नव्हता.

गैरसमज : एवढी मोठी आग घातपाताशिवाय लागत नाही.

नुकसान मोठे, म्हणजे कारणही मोठे असणार, असे मन सहज धरून चालते. ब्रिटानिया पुलात शिरलेल्या काही मुलांनी उजेडासाठी पेटवलेला पलिता आगीला कारण ठरला. हार्लेममध्ये जनरेटरमध्ये इंधन भरताना ते तापलेल्या भागावर सांडले. घातपात होतच नाहीत असे नाही; पण तपासाआधी तो गृहीत धरला, की पुलाखाली काय साठवले आहे, हा साधा प्रश्न मागे पडतो.

गैरसमज : होता तसाच पूल पुन्हा उभा करावा, म्हणजे वेळ वाचेल.

जुन्या पुलाची रचना जुन्या गरजांतून आलेली असते. उंच शिडांच्या जहाजांना पूर्ण रुंदीत १०५ फूट मोकळी उंची मिळावी, असा ब्रिटिश नौदलाचा आग्रह होता. म्हणून स्टीफन्सन यांना कमानी घेता आल्या नाहीत आणि नळ्यांचा मार्ग काढावा लागला. १९७० पर्यंत ती गरज संपली होती. नव्या पुलाला पोलादी कमानींचा आधार देता आला आणि १९८० मध्ये त्याच पुलावर, रेल्वेच्या वर, मोटाररस्ताही सुरू झाला. वीस महिन्यांच्या गैरसोयीतून बेटाला पूर्वीपेक्षा अधिक उपयोगी पूल मिळाला. त्यामुळे पूल बंद असताना ‘उशीर का’ हे विचारण्याबरोबरच ‘तपासणीत काय आढळले, भार किती पेलतो आणि तोवर पर्यायी मार्ग कोणता’ हेही विचारायला हवे. प्रवाशांना या तीन प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळाली, तर अफवांना फारशी जागा उरणार नाही.