लॉटरी सरकारमान्य, पण हिशेब काय?



खोडव्याची पाहणी करताना बांधावर एक सभासद भेटले. उसाचे बिल नुकतेच जमा झालेले. खिशात लॉटरीची तिकिटे होती. खोडव्याला खताचा पहिला हप्ता मात्र पडला नव्हता. विचारले तर म्हणाले, "साहेब, ही सरकारमान्य आहे, मटका नव्हे. आणि शेती तरी दुसरं काय? जुगारच की!"

हे पुष्कळांच्या मनातले बोलणे आहे, म्हणून हिशेब मांडतो.

लोकांना मटक्याच्या नादातून सोडवावे आणि सरकारी तिजोरीतही भर पडावी, या हेतूने आपल्या राज्याने १९६९ साली लॉटरी सुरू केली. लागलेले बक्षीस बुडत नाही, हा फायदा खरा. पण मटका काही संपला नाही. उलट एकआकडी लॉटरीने मटक्याचेच रूप घेतले. शेवटी १९९८ च्या केंद्रीय कायद्याने एका आकड्यावर बक्षीस देण्यास मनाई करावी लागली.

आता पैशाचे पाहू. शंभर जणांनी शंभर-शंभर रुपयांची तिकिटे घेतली, तर दहा हजार जमले. त्यातून कर, विक्रेत्याचे कमिशन, छपाई आणि सरकारचा नफा वजा जातो. उरेल तेवढेच बक्षिसाला. एखादा हसतो, पण शंभर जण मिळून तोट्यातच. सप्टेंबर २०२५ पासून तर लॉटरीवरील जी.एस.टी. २८ वरून ४० टक्के झाला. सरकारमान्य म्हणजे कायदेशीर, फायद्याची नव्हे.

शेतीचे तसे नाही. पाऊस दगा देतो, हुमणी लागते, कबूल. पण एका डोळ्यापासून अनेक फुटवे येतात, खरोखर माल तयार होतो. माती परीक्षण, बेणेप्रक्रिया आणि वेळेवर खत यांनी धोका कमीही करता येतो. तिकिटाला कोणते खत घालणार?

आठवड्याला १०० म्हणजे वर्षाला ५,२०० रुपये. २०२५-२६ हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये. म्हणजे जवळजवळ दीड टन ऊस गेला, तोही तोडणी-वाहतूक न कापता.

शिवाय हरलेला पैसा घरात कोणी सांगत नाही. बिलाची वाट मात्र सगळे घर पाहत असते: सोसायटीचा हप्ता, पोरांची फी, आईचे औषध.

तेव्हा बिल जमा झाले की आधी ही देणी आणि खोडव्याचे खत, हा क्रम चुकवू नका. अडचण असेल तर गट ऑफिसात या, बसून हिशेब करू.

– ऊस विकास अधिकारी