ठिणगीमागची कॉइल : पेट्रोल गाडीतील इग्निशन कॉइलची निगा आणि बदल

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला पेटवण्यासाठी स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधील सुमारे एक मिलिमीटरची फट ओलांडणारी ठिणगी लागते, आणि दाबाखालच्या वायूतून अशी ठिणगी उडायची तर हजारो व्होल्टचा विद्युतदाब हवा असतो. गाडीची बॅटरी मात्र अवघ्या १२ व्होल्टची असते. ही तफावत भरून काढणारा भाग म्हणजे इग्निशन कॉइल. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला २५ ठिणग्या लागतात आणि त्या नेमक्या क्षणी मिळाव्या लागतात. एवढे काम करणाऱ्या या भागाची आठवण बहुतेक वाहनधारकांना तो निकामी झाल्यावरच होते.

कॉइलची रचना रोहित्रासारखी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरसारखी असते. पातळ लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याभोवती जाड तांब्याच्या तारेचे काहीशे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे अनेक हजार वेढे दिलेले असतात. जाड तारेतून काही मिलिसेकंद प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होते. इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजे ईसीयू, तो प्रवाह अचानक तोडतो आणि क्षेत्र कोसळताना, मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार, बारीक तारेत २० ते ४० हजार व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण होऊ शकतो. प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात हा प्रवाह तोडण्याचे काम सीबी पॉइंट, म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, करत, एकच डबाबंद कॉइल चारही सिलिंडरना पुरत असे आणि डिस्ट्रिब्युटर ती ठिणगी क्रमाने वाटून देई. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. त्यामुळे लांब वायरींची कटकट संपली, पण कॉइल इंजिनाच्या उष्णतेत आणि थरथरीत कायमची जाऊन बसली.

कॉइल क्वचितच आपणहून मरते, आणि निगेचा सारा विचार या एका गोष्टीवर उभा आहे. प्लगची टोके झिजत गेली की फट वाढते आणि फट वाढली की ठिणगीसाठी अधिक व्होल्ट लागतात. हा भार कॉइलच्या आतील इन्सुलेशनवर, म्हणजे तारांमधील विद्युतरोधक थरावर, पडतो आणि तो थर हळूहळू फुटतो. साध्या निकेल टोकाच्या प्लगचे आयुष्य साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर असते, तर इरिडियमचे काही प्लग एक लाखापर्यंत चालतात. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर प्लग बदलणे हीच कॉइलची सर्वांत स्वस्त निगा होय. दुसरा शत्रू तेल. टॅपेट कव्हरचे गॅस्केट किंवा प्लगच्या खोबणीभोवतीची सील कडक झाली की इंजिन ऑइल खोबणीत झिरपते आणि कॉइलचे रबरी टोक फुगवून मऊ करते. तिसरा शत्रू पाणी. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनावर जोराच्या फवाऱ्याने मारलेले पाणी खोबणीत साचून राहते, म्हणून तसे धुणे टाळलेलेच बरे. महाराष्ट्रातील शहरांत सीएनजीवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्या पुष्कळ आहेत, आणि सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त विद्युतदाब लागत असल्याने अशा गाडीत प्लगकडे अधिक वेळेवर लक्ष द्यावे लागते.

बिघाडाची खूण ओळखणे सोपे आहे. गाडी मिसिंग करू लागते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटत नाही. उभ्या गाडीचे इंजिन थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. हा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटणे महागात पडते, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि कॉइलच्या कित्येक पट किमतीचा तो भाग वितळवू शकते.

निदानाची सर्वांत भरवशाची रीत अदलाबदलीची आहे. स्कॅनरने पी ०३०२ हा कोड दाखवला, तर दोष दुसऱ्या सिलिंडरचा असतो. त्यावरील कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवून, कोड पुसून गाडी चालवावी. आता पी ०३०३ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे तीच खराब आहे. पी ०३०२ कायम राहिला, तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन तपासावे. मल्टिमीटरने रोध मोजण्याची जुनी पद्धत इलेक्ट्रॉनिक स्विच आतच असलेल्या कॉइलना लागू पडत नाही. चालू इंजिनातून कॉइल उपसून ठिणगी पाहण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे : वाट न मिळालेला विद्युतदाब इन्सुलेशन फोडतो, ईसीयूला इजा करू शकतो आणि माणसाला जबर झटका देतो.

बदलाचे काम इंजिन थंड झाल्यावर, चावी बंद करून आणि बॅटरीचे ऋण टोक काढून करावे. कनेक्टरची खिट्टी इंजिनाच्या उष्णतेने ठिसूळ झालेली असते, म्हणून ती दाबूनच कनेक्टर सोडवावा, वायर धरून ओढू नये. बोल्ट काढल्यावर कॉइल किंचित फिरवत सरळ वर घ्यावी, नाहीतर रबरी टोक तुटून खोबणीत राहते. काढलेल्या टोकावर तेलाची चकाकी, पांढरट पाण्याचा डाग किंवा प्लगच्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ दिसते का, हे उजेडात पाहावे. ती रेघ म्हणजे ठिणगीने बाजूने काढलेली पळवाट असते आणि असा प्लग पुन्हा वापरला, तर ती वाट नव्या कॉइललाही मिळते. नवी कॉइल बसवताना रबराच्या आतल्या कडेला थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावावे आणि बोल्ट हलक्या हाताने आवळावा, कारण कॉइलचा कान प्लॅस्टिकचा असतो.

एक कॉइल गेली म्हणून चारही बदलायला सांगितले जाते; गाडी खूप चाललेली असेल आणि सर्व कॉइल मूळच्याच असतील, तर त्यात तथ्य आहे, एरवी नाही. वाहनधारकांनी मेकॅनिककडून जुनी कॉइल, तिचा प्लग आणि ती खोबण या तिन्ही गोष्टी समोर पाहून घ्याव्यात, आणि खोबणीत तेल दिसले तर नवी कॉइल बसवण्याआधी गॅस्केटचे काम करून घ्यावे.