विजेची गाडी समजून घेताना – लेखांक ६ : डोंगरीच्या चढावर कोणता मोड?

गेल्या आठवड्यात घरच्या चार्जिंगचा हिशेब मांडला. आता गाडी रस्त्यावर काढू, आणि रस्ता घेऊ भाईंदर पश्चिमेचा. स्टेशनाबाहेरची रिक्षांची गर्दी, मग राई, मुर्धा, मोर्वा ही गावं, मिठागरं नि खारफुटी, पुढे डोंगरीचा चढ आणि तो उतरलं की उत्तनचा किनारा. ड्रायव्हिंग मोड समजून घ्यायला याहून चांगला रस्ता नाही, कारण थोडक्या अंतरात सगळे प्रकार भेटतात.

मोडची नावं कंपनीगणिक वेगळी. टाटाच्या टियागोत सिटी आणि स्पोर्ट, नेक्सॉनमध्ये इको, सिटी, स्पोर्ट. महिंद्राच्या एक्सयूव्ही ४०० ला फन, फास्ट, फिअरलेस. बॅटरी आणि मोटर मात्र कुठल्याही मोडमध्ये तीच असते. बदलतं ते मुख्यतः पायाखालचं अ‍ॅक्सिलरेटर. तेवढाच दाब दिला तरी इकोत मोटरला कमी ताकद मिळते, स्पोर्टमध्ये जास्त. काही गाड्यांत इको एसीलाही आवर घालतो आणि कमाल वेगही बांधून टाकतो.

म्हणूनच ‘चढ आला, इको लावा, वीज वाचेल’ हा समज सोडून द्यायला हवा. गाडी आणि माणसं मिळून १७०० किलो धरा. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. ही किंमत उंचीची आहे, मोड कुठलाही असो ती भरावीच लागते. डोंगरीचा चढ तर याहून लहान. तिथे सिटी किंवा नॉर्मल ठेवा, एका लयीत चढा. अरुंद वळणावर पुढच्या टेम्पोला मागे टाकण्यासाठी स्पोर्ट लावू नका; ताकद आहे म्हणून समोरून येणारी गाडी दिसत नाही.

इकोची खरी जागा स्टेशनाजवळच्या गर्दीत आहे. दर दहा पावलांवर थांबायचं असताना जोरात उचललेली गाडी लगेच ब्रेक मागते, आणि त्यात वीज जाते. शिवाय कडक उन्हात तासभर अडकलात, तर एसीच सुमारे एक युनिट खाऊ शकतो, म्हणजे सहा-सात किलोमीटरची धाव.

उतारावर मात्र मोडपेक्षा रीजनकडे लक्ष द्या. रीजन म्हणजे पाय उचलला की मोटर जनित्र होते, गाडी आवरते आणि चढाला खर्चलेल्या विजेचा बराचसा भाग बॅटरीत परत येतो. नव्या नेक्सॉनमध्ये रीजनच्या पायऱ्या स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलता येतात. उतार लागण्यापूर्वीच पायरी वाढवा. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परतीची वीज ठेवायला जागा उरत नाही, रीजन कमी पडतं, आणि रोजच्या सवयीची पकड ऐन उतारावर सापडत नाही. ज्यांचं घर उंचावर आहे त्यांनी रोजचं चार्जिंग ८० ते ९० टक्क्यांवर थांबवावं. ही सवय मला मोडच्या निवडीपेक्षाही महत्त्वाची वाटते.

पावसाळ्यात रीजनची पायरी वाढवण्याचा हा नियम थोडा बदलतो. पहिल्या सरीनंतरचा चिखल, पालापाचोळा, मासळीच्या टेम्पोतून सांडलेलं पाणी अशा निसरड्या रस्त्यावर रीजन एक पायरी खाली आणा, कारण ते जोरात लागलं तर चाकं घसरू शकतात. इथे इको उपयोगी पडतो. विजेची मोटर उभ्या गाडीतूनही पूर्ण जोर देते. इको तो जोर हळूहळू सोडतो.

उलट दिशेला काशिमिऱ्याहून महामार्गावर शिरताना वेगात येणाऱ्या ट्रकांमध्ये मिसळायचं असतं. तिथे स्पोर्ट वापरा, संकोच नको. एकदा मिसळलात की परत सिटीवर या आणि वेग सांभाळा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात, तर दर किलोमीटरला हवा कापण्यात दीडपटीहून अधिक वीज जाते. कुठलाही मोड ती वाचवत नाही.

गर्दीत आणि पावसात इको, चढाला सिटी, महामार्गावर शिरताना तेवढ्यापुरता स्पोर्ट, असा माझा कौल आहे. या आठवड्यात आपल्या गाडीचं रीजन प्रत्येक पायरीवर, मोकळ्या रस्त्यावर, एकदा तरी तपासून पाहा. पुढच्या लेखांकात टायरमधल्या हवेबद्दल बोलू.